एका हाताचा कॅमेरा

आमच्या घरात कॅमेरा एकदाच विकत घेतला गेला, आणि जो घेतला तो मला नको होता.

मला हवा होता तो मोठा, काळा, पट्ट्याने गळ्यात अडकवायचा, पुढे लेन्सचं नळकांडं आलेला. डीएसएलआर. त्यातला अगदी पहिल्या पायरीवरचा, शिकणाऱ्यांसाठी असतो तो. माझ्या पत्नीने घेतला तो खिशात मावणारा, चंदेरी, साबणाच्या वडीएवढा. ती जाऊन आता दुसरा पावसाळा चालू आहे. कॅमेरा माझ्या टेबलाच्या खणात असतो. बॅटरी जेमतेम टिकते, पण चार्ज केली की तो अजून चालू होतो आणि लेन्स बाहेर काढताना पूर्वीसारखाच कुरकुरतो. गेले काही महिने मी संध्याकाळी तो हातात घेऊन बसतो. त्या बसण्यातून हे लिहिणं निघालं आहे. सावकाश लिहितो आहे. घाई कसलीच नाही.

कॅमेरा घेतला त्या वर्षी मी उल्हासनगरच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात होतो आणि ती अंबरनाथच्या शाळेत विज्ञान शिकवत होती. राहायला आम्ही बदलापुरात, कुळगावात. तिचं माहेर पालेगाव. माहेरची भातशेती विकायचं तिच्या भावांनी ठरवलं, त्यात भांडण काही नव्हतं. दोघे भाऊ आनंदनगरच्या कारखान्यांत कामाला, लावणीला माणूस मिळेना, आणि शेजारच्या शेतांत इमारती उभ्या राहिलेल्या. तिनेही सही केली. बांधकाम दिवाळीनंतर सुरू व्हायचं होतं. म्हणजे शेताचा एक पावसाळा उरला होता.

तिला भाताचं तितकं वाटत नव्हतं. तिला वाटत होतं ते बांधांचं. त्या बांधांवर पावसाळ्यात ज्या रानभाज्या उगवत त्या तिची आई, म्हणजे माझ्या सासूबाई, जन्मभर खुडत आल्या होत्या. कोणती कधी कोवळी असते, कोणतीचं उकडलेलं पाणी फेकून द्यायचं, शेवळं घशाला खाजू नयेत म्हणून त्यांत काकडाची आंबट फळं कधी घालायची, हे सगळं त्यांच्याकडे होतं आणि दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. सुनांना वेळ नव्हता. पत्नी लहानपणी सुट्टीच्या दिवसांत घरच्या कामाला जुंपलेली असे, पुढे शिक्षण, मग नोकरी. ती हसून म्हणायची की तिला पानांची लॅटिन नावं येतात आणि भाजी मात्र मंडईतून आणावी लागते. त्या एका पावसाळ्यात तिला हे सगळं आईकडून घ्यायचं होतं.

अडचण अशी की सासूबाईंचे गुडघे गेले होते. पडवीच्या पुढे त्यांना चालवत नसे. बांधावरून भाजी खुडून त्यांच्यापुढे आणून ठेवावी, तर त्यांच्या घरची रीत आड येई. शेताच्या कडेला एका झाडाखाली शेंदूर लावलेला धोंडा आहे, तो शेताचा देव. आषाढातल्या ठरलेल्या दिवशी पहिली भाजी त्याला दाखवायची. तोवर बांधावरचं पान कुणी खुडायचं नाही. आणि बऱ्याच भाज्या ओळखायच्या असतात त्या नेमक्या त्याआधीच्या दिवसांत, कोंब नुकते वर आल्यावर.

फोटो काढून आणले तर चालतील का, असं तिने आईला विचारलं. सासूबाईंनी बराच विचार केला.

"फोटू काढल्यानं पान तुटतं का?"

"नाही."

"मग काढ की."

असं कॅमेऱ्याचं ठरलं. मोबाइलमध्ये तेव्हा कॅमेरे आले होते, पण आमच्या मोबाइलच्या फोटोत पालक आणि माठ यांतला फरक कळत नसे.

कुठला कॅमेरा घ्यावा याचा अभ्यास मी अंगावर घेतला. पुस्तकांत राहणाऱ्या माणसाला असलं काम मिळालं की तो खूश असतो. ग्रंथालयात छायाचित्रणावरचं एक मासिक येई, ते माझ्याखेरीज कुणी उघडत नसे. त्याचे जुने अंक मी डब्याच्या सुट्टीत वाचून काढले. सेन्सर मोठा तितका फोटो चांगला, लेन्स बदलता आली पाहिजे, खिशातले कॅमेरे ही सहलीला जाणाऱ्यांची सोय, असं माझं मत तयार झालं. दोन्हींपैकी एकच घेता येणार होता, आणि घ्यायचाच तर नीट घ्यावा, असं मी तिला समजावलं. ती ऐकून घेई. तिची एकच शंका होती, की हे सगळं आपल्याला झेपेल का. मी म्हटलं, मला झेपेल.

घेण्याआधी करून बघावं म्हणून मी एका सहकाऱ्याचा डीएसएलआर एका रविवारपुरता मागून आणला. आम्ही पालेगावला गेलो. मोठ्या बांधाच्या उतारावर फोडशी आली होती. फोडशीचं पान गवतासारखं लांबट आणि सरळ असतं, नवख्याला ते गवतच वाटतं. मी गुडघ्यावर बसून, श्वास धरून फोटो काढला. तो सुंदर आला होता हे मी आजही म्हणेन. पुढची दोन पाती रेघ न् रेघ दिसत होती, पात्यावरचा थेंबसुद्धा, आणि मागचं सगळं हिरव्या धुक्यात विरघळलेलं. मासिकात असत तसा.

पडवीत जाऊन पत्नीने तो सासूबाईंना दाखवला. त्यांनी कॅमेरा मांडीवर घेतला, त्याच्या वजनाने जरा दचकल्या. मग पडद्याकडे पाहून म्हणाल्या, "गवत हाय. गवताचा फोटू काय काढायचा?"

पत्नीने पुन्हा दाखवला. मोठा करून दाखवला. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं आणि कॅमेरा परत दिला.

महिन्यापूर्वी सासूबाईंनी धाकट्या सुनेला मोठीच्या नावाने हाक मारली होती आणि सगळे हसले होते. आता परतीच्या रिक्षात ते आम्हा दोघांनाही आठवत होतं. घरी आल्यावर पायावर पाणी घेताना ती म्हणाली, "अहो, आई फोडशीला गवत म्हणाली."

मी म्हटलं, पडदा लहान होता, उजेड होता, वय झालं आहे. तिने मान हलवली. ज्या माणसाकडून शिकायचं त्याचंच विसरायला लागलं असेल, तर कॅमेरा कुठला घ्यायचा हा प्रश्नच उरत नव्हता. त्या आठवड्यात आमच्या घरात कॅमेऱ्याचा विषय निघाला नाही.

पुढच्या रविवारी मात्र तीच म्हणाली, दुकानात जाऊन तर येऊ. उल्हासनगरच्या कॅम्पात एक जुनं दुकान होतं. मालक सिंधी, साठीचे, बोलताना तीन भाषा एकाच वाक्यात वापरायचे. वाटेत तिने मेथीची जुडी घेतली, ती पिशवीतून डोकावत होती.

मालकांनी आधी मला ओळखलं. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत काय आहे ते त्यांना दिसत असावं. काळा कॅमेरा काढून त्यांनी माझ्या गळ्यात घातला आणि म्हणाले, "साईं, मोठाच घेऊन जा. गले में डालो, शादी में पहिल्या पंगतीला बसवतील." पत्नीने लहानाकडे बोट केलं तेव्हा त्यांचा चेहरा जरा पडला. ये तो पिकनिकवाला है, असं काहीसं ते पुटपुटले.

तिने दोन्ही चालू करून मागितले. लहान कॅमेरा उजव्या हातात घेतला, डाव्या हाताने पिशवीतून मेथीची एक काडी काढून समोर धरली, पान बोटाने उलटवलं आणि फोटो काढला. मग मोठा घेतला. एका हाताने तो पेलेना, मनगट वाकायला लागलं. काडी माझ्याकडे दे, मी धरतो, असं मी म्हणालो.

"तुम्ही रोज येणार आहात का बांधावर?"

शाळा सुटल्यावर पालेगावला जाणार होती ती. मी तेव्हा ग्रंथालयात पुस्तकं परत घेत बसलेला असणार होतो.

मालक म्हणाले, "दीदी, मेथीचा फोटो काढायला कॅमेरा घेताय?"

"मेथी ओळखू येते हो," ती म्हणाली. "ज्या येत नाहीत त्यांच्यासाठी."

शेवटी मी काडी धरली आणि तिने मोठ्या कॅमेऱ्याने फोटो काढला. मग दोन्ही कॅमेरे काउंटरवर शेजारी ठेवून ती पडद्यांकडे पाहत राहिली. मोठ्यात मेथीची दोन पानं होती, शिरांसकट, आणि मागे धुकं. लहानात मेथी जरा फिकी आली होती. पण तिच्या मागे काउंटरची काच दिसत होती, पट्ट्यांचा गुंता दिसत होता, मालकांचा अर्धा प्यालेला चहा आणि त्यांचं कोपरसुद्धा. ती इतका वेळ पाहत राहिली की मालकांनी चहा उचलून पिऊन टाकला.

"आई विसरलेली नाही," ती म्हणाली. "आपण तिला बांधच दाखवला नाही."

मग तिने मला सांगितलं, म्हणजे स्वतःलाच सांगितलं, की आईने जन्मात कधी नुसतं पान पाहिलेलं नाही. फोडशी पाहिली ती त्या उतारावर, करवंदीच्या जाळीखाली. मागचं सगळं पुसून टाकल्यावर ते गवतच आहे.

मी वाचलेलं बोललो. मोठ्या कॅमेऱ्यातही मागचं स्पष्ट आणता येतं, लेन्सचं छिद्र बारीक करायचं, ते शिकून घेता येईल. हे खरंच आहे, आणि तिलाही ते पटलं. "येत असेल," ती म्हणाली. "पण त्याला दोन हात लागतात."

मालकांना कुठली आई आणि कुठला बांध ते कळलं नसणार. पण त्यांनी मोठा कॅमेरा हळूच खोक्यात ठेवला. "माताजींना दाखवायचंय? तो छोटा ही लो, साईं. बडा कॅमेरा देखके बुजुर्ग लोग बाल ठीक करने लगते हैं."

मी घरी येईपर्यंत थोडा रुसलेलो होतो. ते ओळखल्याचं तिने दाखवलं नाही, पण रात्री मेथीची भाजी केली ती मला आवडते तशी, लसूण जास्त घालून.

ठरलेला दिवस अजून यायचा होता. आम्ही पालेगावला गेलो, ती मोठ्या बांधावर उतरली, त्याच फोडशीचा फोटो काढला, आणि आम्ही पडवीत आलो. सासूबाई मशेरीची डबी घेऊन बसल्या होत्या. त्यांनी डबी खाली ठेवली आणि कॅमेरा तसाच तळहातावर घेतला. डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. पत्नी त्यांच्याकडे बघत नव्हती. चपलेला लागलेला चिखल ती काडीने काढत होती.

"बाय," सासूबाई म्हणाल्या, "तू मोठ्या बांधाच्या उतारावर गेल्तीस?"

काडी थांबली. "गेले होते."

"करवंदीच्या खालच्या अंगाला? किती वेळा सांगितलाय, तिथं पाय घसरतो. तुझा बाप पडला व्हता तिथं."

"आणि भाजी कुठली ती?"

"फोडशी नाय का ती? एवढी शाळा शिकवून फोडशी वळखत नाय?"

पत्नी हसायला लागली आणि तिला थांबता येईना. पदराने डोळे पुसत ती हसत होती. सासूबाईंनी मला विचारलं, जावई, हिला काय झालं. मग त्यांना आठवलं. "मागल्या टायमाला गवताचा काढला व्हता, तो कशाला?"

"तो यांनी काढला होता," पत्नी म्हणाली.

"हां," सासूबाई म्हणाल्या, आणि त्या एका शब्दात त्यांचं समाधान झालं.

त्यानंतरचे महिने आमच्या घराला चिखलाचा आणि ओल्या पानांचा वास होता. शाळा सुटली की ती पालेगावला जाई. बांधावरून फिरून पडवीत येई, सासूबाई एकेक फोटो बघत आणि हुकूम सोडत. पानाची पाठ दाखव. देठ लाल हाय का बघ. मुळाशी काय हाय? म्हणून ती दुसऱ्या दिवशी पुन्हा जाई आणि डाव्या हाताने पान उलटून, देठ वाकवून, माती बाजूला करून फोटो काढी. सासूबाई सगळ्याच बाबतीत बरोबर होत्या असं नाही. एका वेलाला त्यांनी दोनदा दोन नावं सांगितली आणि दोन्ही वेळा तितक्याच ठाम होत्या. ठरल्या दिवशी मोठ्या भावाने पहिली भाजी देवाला दाखवली, आणि मग आम्ही कुर्डू, टाकळा, भारंगी, शेवळं असं सगळं खाल्लं. भारंगी मला कडू लागली. तिने ती दोनदा वाढून घेऊन खाल्ली.

एकदा मी तिला म्हटलं की फोटो चांगले आहेत, पण प्रत्येक फोटोत तुझा हात येतो.

"मग पान केवढं ते आईला कसं कळणार?" ती म्हणाली.

दिवाळीनंतर जेसीबी आले. मोठ्या बांधाच्या जागी आता एका इमारतीच्या गाड्या उभ्या असतात. सासूबाई त्यानंतर काही वर्षं होत्या. सुनांची नावं त्यांनी पुढे आणखी गोंधळात टाकली, पण भाजी चुकली नाही. त्या गेल्यावरही पत्नीने कॅमेरा सोडला नाही. बारवीच्या रस्त्याला, वांगणीकडच्या टेकड्यांवर ती जात राहिली. बदलापूरच्या बाजारात डोंगरातल्या बायका भाजीचे वाटे लावून बसतात, त्यांना ती फोटो दाखवी आणि त्या आपल्याच भाजीला पडद्यावर पाहून एकमेकींना कोपर मारत. बांध मोडण्याआधी तिने फोडशीचे कंद आणून गॅलरीतल्या टबात लावले होते. ते दर वर्षी जूनमध्ये वर येतात.

ती गेली तेव्हा नातेवाइकांनी भिंतीवर लावायला फोटो मागितला. मी कॅमेरा शोधला, कॉम्प्युटर शोधला. हजारो फोटो होते आणि तिच्या चेहऱ्याचा धड एक नव्हता. काढणारी तीच होती. शेवटी शाळेच्या निरोप समारंभाच्या समूह फोटोतून तिचा चेहरा कापून मोठा केला. तो भिंतीवर आहे. तो तिच्यासारखा दिसत नाही, फोटोला उभ्या राहिलेल्या बाईसारखा दिसतो.

तेव्हा मला मोठा कॅमेरा पुन्हा आठवला. तो घेतला असता तर तो माझ्या गळ्यात असता. मी तिचे फोटो काढले असते, खिडकीपाशी, मागचं सगळं धुक्यात आणि चेहरा स्पष्ट. काही महिने हा विचार माझ्याजवळ होता आणि तो चांगला विचार नव्हता.

मग एका संध्याकाळी मी भाज्यांचे फोटो पहिल्यापासून पाहायला घेतले, भाज्यांसाठी म्हणूनच. आणि मला तिचा हात दिसायला लागला. आधी तो दिसत नव्हता असं नाही. पण मी पान पाहत होतो. सुरुवातीच्या फोटोंत नखांच्या कडेला खडूची पांढरी रेघ आहे, शाळेतून थेट गेलेली असे. पुढे कुकरच्या वाफेने भाजलेला मनगटावरचा डाग आहे, तो मला माहीत होता, कोणत्या दिवशी भाजलं तेही. सांधे सुजायला लागले तेव्हा अंगठी करंगळीत आली. शेवटच्या पावसाळ्यातले फोटो गॅलरीतल्या टबाचे आहेत, फोडशीचेच. त्यांत हाताच्या पाठीवर सलाइनची सुई टोचल्या जागी चिकटपट्टी आहे आणि दोन बोटं नेहमीसारखीच पान उलटून धरून आहेत. त्या हाताला आपला फोटो निघतो आहे हे ठाऊकच नव्हतं. तो कामात होता. मी तिला पाहिलं ते बहुतेक असंच, काही तरी करताना. इतका तिच्यासारखा फोटो मला काढता आला नसता.

या सगळ्याबद्दल मी कुणाचे आभार मानावेत ते मला कळत नाही. त्या दुकानदारांचे मानले असते, पण दुकान आता नाही. म्हणून इथे लिहितो.

एक फोटो मी पुन्हा पुन्हा उघडतो. मोठ्या बांधावरचा, नव्या कॅमेऱ्याचा पहिला. कॉम्प्युटरवर मोठा केला की त्यात सगळं दिसतं. पुढे फोडशी आणि तिची दोन बोटं. मागे करवंदीची जाळी, बांध, पाण्याने भरलेली दोन खाचरं. त्याच्याही पलीकडे घर, आणि पडवीत एक पांढरा ठिपका. ते सासूबाईंचं लुगडं आहे. आम्ही कुठे उतरलो आहोत ते त्या बघत असाव्यात. उजव्या कडेला माझ्या छत्रीची काडी आली आहे.

फोटो तिरका आहे. खाचरातलं पाणी एका बाजूला सांडेल असं वाटतं. ती फोटो नेहमी सरळ काढी, हा एकच असा. त्या क्षणी तिचा पाय घसरला होता. माझ्या एका हातात छत्री होती आणि दुसरा रिकामा होता, म्हणून तिचा दंड माझ्या हातात आला. बोट मात्र तिने बटणावरून काढलं नाही. सावरल्यावर तिने आधी पडदा पाहिला, फोडशी नीट आली आहे याची खात्री केली, आणि मग घराकडे एकदा बघून मला म्हणाली, "आईला सांगू नका."

मी सांगितलं नाही.